सेक्रेटरी पॉइंट

मुकुंद गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लोंबकळत होतो. अशी बातमी ऐकताना माणसं साधारणपणे खुर्चीत बसलेली असतात, फार तर दारात उभी असतात. मला तेही जमलं नाही. बरं, त्या लोंबकळण्याचा दोष दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालावा तर तीही सोय नाही. ऐरोलीतल्या आमच्या इमारतीचा मी पुष्कळ वर्षांपासून सेक्रेटरी आहे, आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय 'पुढील सभेत विचारार्थ' असा शेरा मारून या सभेतून त्या सभेत ढकलत नेण्याचं श्रेय सर्वस्वी माझं. वरून वॉचमन ओरडून सांगत होता, "सेक्रेटरीसाहेब, टेन्शन नका घेऊ, मेकॅनिक निघालाय!" निघालेला मेकॅनिक म्हणजे काय, हे नवी मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सुट्टीचा दिवस, संध्याकाळ होत आली होती. मी जुईनगरला, मुकुंदाकडेच जायला बाहेर पडलो होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्या लिफ्टमध्ये एरवी रेंज मिळत नाही.

"भाऊजी, कुठपर्यंत आलात?" शुभाचा आवाज. शुभा माझी धाकटी मेहुणी, मुकुंदाची बायको.

"कुठपर्यंत कसला, लिफ्टमध्ये अडकलोय गं. हा मेकॅनिक आला की लगेच..."

पलीकडून ती म्हणाली, "असू दे. सावकाश या. आता घाई नाही..."

'गेला' हा शब्द तिने उच्चारला नाही आणि मीही विचारलं नाही. फोन खिशात टाकला. लिफ्टच्या आरशात एक टक्कल पडलेला, घामाघूम माणूस माझ्याकडे बघत होता... आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की आपण असे अडकलोय हे मुकुंदाला सांगायला पाहिजे. ऐकून तो उशीवरून उठून बसेल. "सेक्रेटरी, परत बूच?" म्हणेल.

या 'परत'मध्ये आमचं सगळं नातं आलं, म्हणून ते जरा उलगडून सांगतो. मुकुंद माझा साडू. साडू हे नातं कोणी निवडत नाही. दोन बहिणी आपापली माणसं निवडतात, आणि मग ती दोन माणसं उरलेलं आयुष्य लग्नाकार्यात एकाच सोफ्यावर शेजारी बसून काढतात. आम्हीही बसलो. तो दक्षिण कोकणातला, खाडीच्या तोंडाशी वाढलेला. चालायच्या आधी पोहायला शिकला होता म्हणे. मी सोलापूरकडचा. आमच्याकडेही पोहायला विहिरी होत्या, नाही असं नाही, पण विहिरीत ढकलायला टपलेल्या मामाला चुकवण्यात माझं सगळं बालपण गेलं. मुकुंद बंदराजवळ, द्रोणागिरीला गोदामात नोकरीला होता. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि मधे कंटेनरची भिंत. "रोज वास येतो रे, पण दिसत नाही," असं तो सोफ्यावर जिलेबी खाता खाता म्हणायचा. एका लग्नात असंच म्हणाला आणि पुढच्या लग्नापर्यंत त्याने नोकरी सोडलेली होती. गावाकडे सुरूच्या बनात तंबू ठोकले होते, दोन कयाकी आणल्या होत्या, आणि नवी मुंबईतल्या खुर्चीत बसून बसून आखडलेल्या लोकांना तो पाण्यात, कड्यावर आणि चिखलात नेणार होता. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मुकुंदाने ते जाहिरातीतसुद्धा कधी नीट लिहिलं नाही. हायवे सोडून घाट उतरायचा, मग दोन फाटे चुकायचे, तिसऱ्यावर मोबाइल बंद पडला की आलं. "शोधत येतो ना, तोच पाण्यात उतरतो," असं त्याचं म्हणणं. शुभा जुईनगरच्या फ्लॅटमधून फोन घ्यायची, बुकिंग बघायची आणि आलेल्या प्रत्येकाला आधी विचारायची, "पाठीचं काही दुखणं?"

आता यात माझा संबंध काय? तर मी नमुना. मुकुंदाची एक पद्धत होती. कुठलीही नवी गोष्ट, मग ती कांदळवनातली कयाक असो, जांभ्याच्या कड्यावरून दोरीने उतरणं असो की नळी तोंडात धरून पाण्याखालचे मासे बघणं असो, प्रवाशांना खुली करण्याआधी तो ती माझ्यावर करून बघायचा. माझी बायको वंदना त्याला एकदा म्हणाली, "अहो, एखादा धडधाकट माणूस घ्या की! यांना जिना उतरताना कठडा लागतो." तर मुकुंद म्हणाला, "म्हणूनच तर ताई. धाडसी माणसाचा काय उपयोग? तो कुठूनही उतरतो. हा उतरला तर समजायचं वाट बरोबर आहे." हा माझा सन्मान आहे की अपमान, यावर मी एक रात्रभर विचार केला आणि शनिवारी निमूटपणे गाडीत जाऊन बसलो.

मी काय काय केलं ते सगळं सांगत बसलो तर पुरवणी पुरायची नाही. कयाकीत मी वल्हं उलटं धरलं आणि जागच्या जागी गोल फिरत राहिलो; ओहोटी लागली, पाणी गेलं, आणि कांदळवनाच्या चिखलात एकटाच राजासारखा बसून राहिलो. मुकुंद गुडघाभर चिखलातून चालत मला ओढायला आला तेव्हा मी एका खेकड्याची माफी मागत होतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. मला आठवत नाही, पण मी मागितली असेल. कड्यावरून उतरताना मी बरोबर मध्यावर थिजलो. ना वर, ना खाली. त्याच वेळी नेमका सोसायटीच्या प्लंबरचा फोन आला, त्या कड्यावर रेंज होती, आणि मी दोरीला लटकलेल्या अवस्थेत त्याला टाकीचा कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते सांगितलं. सांगून झालं आणि बघतो तर मी पायथ्याशी उभा. कसा उतरलो ते कळलंच नाही. मुकुंदाला मात्र कळलं होतं. तो खालून माझ्याकडे बघत नव्हताच. माझा हात कुठे आखडतो, पाय कुठे चाचपडतो, डोळे कुठे मिटतात, ते बघत होता. दुसऱ्या दिवशी तिथे त्याने एक पायरी खोदून घेतली आणि आधाराला आणखी एक दोरी बांधली. आजही त्या किनाऱ्यावर जिथे जिथे जास्तीची दोरी दिसेल, तिथे मी किंचाळलेलो आहे असं खुशाल समजावं.

आणि मग ती गुहा.

गावाच्या दक्षिणेला डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय, त्याच्या पोटात ती आहे. ओहोटीला खडकांवरून चालत जायचं, एका अरुंद फटीतून आडवं होऊन सरकायचं, की आत एकदम दालन. छताला भोक, त्यातून उन्हाचा एकच पट्टा, खाली हिरवंगार पाणी. मुकुंद लहानपणी तिथे लपायला जायचा. ही जागा लोकांना दाखवायची असं त्याच्या मनात फार होतं. साहजिकच नमुना बोलावला गेला. आत जाताना काही झालं नाही. म्हणजे फटीच्या तोंडाशी उभं राहून मी धीर गोळा करण्यात इतका वेळ घालवला की मुकुंद तेवढ्यात एक डुलकी काढून उठला, पण गेलो आत. सुंदर होतं, हेही कबूल करतो. मग समुद्राच्या बाजूने गुळगुळ असा आवाज आला. दालनातलं पाणी, जे मघाशी घोट्यापर्यंत होतं, ते पोटऱ्यांना लागलं. "भरती लागली, चल, निघू या," मुकुंद अगदी बस आल्यासारखं म्हणाला. तो छताच्या भोकाकडे बघत फोटो काढत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याने जादा म्हणून आणलेलं एक लाइफ जॅकेट खडकावर पडलेलं होतं. मी ते उचललं आणि अंगातल्या जॅकेटवर चढवलं. एकाने माणूस तरंगतो तर दोनांनी जास्त तरंगेल, हा हिशोब. आणि पळायच्या कामात मी नेहमीच पहिला असल्यामुळे त्याच्या आधी फटीत शिरलो.

मध्यावर गेलो आणि बसलो. म्हणजे बसायला जागा होती असं नाही. एक खांदा पुढे, एक मागे, छातीवर खडक, पाठीवर खडक, आणि दोन जॅकेटांचा स्पंज काखेत गोळा झालेला. पुढे उजेड दिसत होता. मागून मुकुंद.

"काय रे? चल ना."

"अडकलोय."

"कशात?"

"जॅकेटमध्ये."

"जॅकेट नाही अडकत, मी स्वतः घालून दोनदा गेलोय."

"दोन घातलीत."

मागून "दोन?" आणि मग तो हसायला लागला. त्या गुहेत त्याच्या हसण्याचा असा काही आवाज घुमला की मला वाटलं डोंगर हसतोय. पण एक लाट आली, पाणी माझ्या कमरेला लागलं, आणि हसणं थांबलं. बाहेर पडायचा रस्ता एकच होता आणि त्याला मी बूच बसलो होतो. मी बुडालो असतो तर मुकुंद माझ्यामागे, अजिबात घाबरलेला नसताना, केवळ माझ्या भीतीपायी बुडाला असता. "श्वास सोड," तो म्हणाला, "छाती खाली जाऊ दे, म्हणजे बकल हाताला लागेल." पण श्वास मी फक्त घेत होतो. हातात आलेला सोडायचा कसा? घेत गेलो, फुगत गेलो, आणखी घट्ट झालो. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

मग त्याने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. "बोल काहीतरी. बोलताना श्वास बाहेर जातो."

"काय बोलू?"

"तुझ्या सभेचं बोल की. ते सुरू केलंस की तू थांबत नाहीस."

आणि मी सुरुवात केली. छातीएवढ्या पाण्यात, खडकाला नाक लावून. "विषय क्रमांक एक. मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन. इमारतीच्या गच्चीवरून होणाऱ्या गळतीबाबत सभासदांकडून वेळोवेळी प्राप्त झालेल्या तक्रारींच्या अनुषंगाने..." सेक्रेटरीच्या वाक्याला पूर्णविराम नसतो, हा माझ्यावरचा आरोप मला मान्य आहे, पण त्या दिवशी त्या पूर्णविराम नसण्यानेच जीव वाचवला. 'अनुषंगाने' म्हणेपर्यंत माझ्यात हवेचा थेंब उरला नव्हता. पुढचा श्वास घेतला तो हळू, वाक्यापुरता. मागून मुकुंद सभासदासारखा गरजला, "हरकत आहे! गच्ची कोणाच्या मालकीची?" मी म्हणालो, "हरकत नोंदवून घेण्यात येत आहे," आणि ते म्हणता म्हणता बकल बोटाला लागलं. टक् झालं. वरचं जॅकेट सुटलं, मागून त्याने खांदा लावला, आणि मी साबणाच्या वडीसारखा उजेडात जाऊन पडलो. त्याच्या मागोमाग मुकुंद. आल्या आल्या त्याने विचारलं, "विषय क्रमांक तीन काय होता?"

त्या फटीचं नाव त्याने 'सेक्रेटरी पॉइंट' ठेवलं. महाबळेश्वरला साहेबांच्या नावाचे पॉइंट असतात, आमच्याकडे हा. गुहा त्याने प्रवाशांना खुली केली, पण ओहोटी पुरती ओसरल्यावरच, आणि एका अटीवर. फटीतून जाताना प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातलं काहीतरी मोठ्याने म्हणायचं, बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही. शाळेतल्या बाई हजेरी घ्यायच्या. एक कंडक्टर थांबे म्हणत गेला. ऐरोलीच्या कॉल सेंटरमधली एक पोरगी "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं पुन्हा पुन्हा म्हणत सुखरूप बाहेर पडली आणि बाहेर येऊन ढसाढसा रडली. मुकुंद तिला म्हणाला, "रड. आत नाही रडलीस ना, झालं तर."

असा माणूस... आणि त्याचा श्वासच अडला. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचं दुखणं. का झालं याला डॉक्टरांकडेही धड उत्तर नव्हतं. आधी कडा चढताना धाप लागली, मग तंबू ठोकताना, मग बोलताना. शुभाने त्याला जुईनगरला आणला. चौथा मजला, बाल्कनीला ग्रिल, समोर दुसरी इमारत आणि तिच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघरत असायचं आणि त्याची नळी बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंतच पोचायची. लांब नळी लावली तर हवेचा जोर कमी पडतो, असं मशीनवाला म्हणाला होता. आख्खा किनारा पायाखाली घातलेला माणूस आता नळीएवढा उरला. उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचा, समोरचे कपडे बघायचा आणि सांगायचा, "वारा फिरला. आज आमच्याकडे पाणी खवळलेलं असणार." समोरच्यांनी कपडे आत घेतले की त्याचा समुद्र बंद.

त्याला एकच गोष्ट हवी होती. दिवाळीनंतर कॅम्प उघडतो, तेव्हा एकदा तिथे जायचं. पाण्यात नाही उतरायचं, काठावर बसायचं. डॉक्टरीणबाई समंजस होत्या, नाही म्हणाल्या नाहीत. पण आधी बायपॅप मशीन जमलं पाहिजे म्हणाल्या. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क असतो आणि त्यातून ते मशीन हवा आत ढकलतं. दुपार-संध्याकाळ तो मास्क लावून शांत राहता आलं, तर गाडीतून न्यायचं बघू. नाहीतर जुईनगरच्या बाहेर नाही.

पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा मी तिथेच होतो. पट्टे आवळले, मशीनने हवा ढकलली, आणि मुकुंदाचे डोळे... मी ते डोळे ओळखतो. आयुष्यभर मी आरशात बघत आलोय. त्याने दोन्ही हातांनी मास्क ओरबाडून काढला. "आत कोंडतं रे," म्हणाला. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "तुम्ही मशीनशी भांडताय. त्याच्याबरोबर श्वास घ्या." तो म्हणाला, "ते माझ्याआधी घेतंय!" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शुभा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. खडकाखालून श्वास कोंडून पलीकडे निघणारा माणूस एका प्लास्टिकच्या वाटीला घाबरला होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. भीती कशी बाळगायची याची त्याला सवयच नव्हती. आम्हा जुन्या लोकांचं बरं असतं.

एका संध्याकाळी शुभा औषधं आणायला खाली गेली होती. मुकुंद उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "सेक्रेटरी, भीती वाटली की तू काय करतोस?"

मला जन्मात कोणी या विषयावर सल्ला विचारला नव्हता. मी जरा सावरून बसलो. "किंचाळतो."

"ते झालं करून. मग?"

"मग सभा घेतो."

त्याने मास्ककडे बोट केलं. मी पट्टे लावले, मशीन सुरू केलं आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून वाचायला लागलो. हातात कागद वगैरे काही नव्हतं. इतक्या वर्षांनी तो लागतही नाही. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे..." मशीनचा सुस्कारा संपेल तिथे माझं वाक्य संपवत, तो सुरू होईल तिथे सुरू करत. आमच्या ऐरोलीच्या गच्चीत त्याला काय गोडी असणार, म्हणून दुसऱ्या विषयापासून मी सभाच त्याच्या किनाऱ्यावर नेली. "कांदळवन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक जागेत खेकड्यांनी विनापरवाना बिळे पाडल्याबाबत प्राप्त झालेल्या तक्रारींच्या अनुषंगाने..." मास्कच्या आत त्याचे गाल हलले. त्याने हात वर केला. हात म्हणजे हरकत. "हरकत नोंदवून घेण्यात येत आहे. सभासदांचे म्हणणे असे, की बिळे आधीची असून संस्था नंतरची आहे." शुभा परत आली तेव्हा तो मास्क लावून बसला होता आणि मी खंड्या पक्ष्याच्या थकीत देखभाल-खर्चाबद्दल बोलत होतो. "काय चाललंय हे? डॉक्टरांनी शांतता सांगितलीय," ती म्हणाली, आणि मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी ओट्यावर ठेवली.

मग रोज संध्याकाळी सभा. ऑफिसातून सुटलो की जुईनगर. हात म्हणजे हरकत, एक बोट म्हणजे अनुमोदन, डोळे मिटले म्हणजे सभासद झोपले, तरी वाचन चालू ठेवायचं. एकेक विषय घेऊन आम्ही सगळा किनारा फिरलो... कडा, सुरूचं बन, चिखल, सेक्रेटरी पॉइंट. मास्क हळूहळू अंगवळणी पडला. डॉक्टरीणबाई एकदा बघून गेल्या आणि म्हणाल्या, "असंच राहिलं तर दिवाळीनंतर बघू." त्याने कॅम्पवर रमाकांतला फोन लावायला लावला. रमाकांत त्याचा गावाकडचा भागीदार. पलीकडून आवाज आला, "दोरी बांधून झाली हा, मुकुंदा. कधी येतलात?" खाडीच्या या कड्यावरून त्या काठाला जाणारी झिपलाइन, कित्येक दिवस मुकुंदाच्या डोक्यात होती ती. खुली करायची बाकी. मुकुंदाने माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये एवढंच म्हणाला, "कोणाला सोडू नको. आधी नमुना."

शेवटची सभा अशीच झाली. सगळे विषय संपले, मी म्हणालो, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." त्याने मास्क काढला. दम खात, थांबत थांबत बोलला. "ठराव. सेक्रेटरीने झिपलाइनवरून खाडी ओलांडावी... मी काठावर बसून बघेन."

मी म्हणालो, "सूचक मुकुंद. अनुमोदक कोण?" खोलीत आम्ही दोघंच. स्वतःच्या मरणाला मी अनुमोदन देणार नव्हतो. "अनुमोदकाअभावी ठराव बारगळत आहे."

तो हसला, मग खोकला, मग पुष्कळ खोकला. "पुढच्या सभेत परत आणतो," म्हणाला. आणि मी उठायच्या आत त्याने मास्क स्वतःच्या हाताने लावून घेतला. पहिल्यांदाच.

पुढच्या सभेला निघालो ती ही लिफ्ट. शुभाचा फोन झाल्यावर मी खाली फरशीवर बसलो. भिंती जवळ यायला लागल्या, श्वास नुसता आत, आत... मग मी सुरुवात केली. "विषय क्रमांक एक." वरून वॉचमनने घाबरून विचारलं, "साहेब, कोणाशी बोलताय?" मी 'मागील सभेचे' इथपर्यंत गेलो आणि तिथेच अडकलो. त्यापुढे जाता आलं नाही.

आता काही आठवडे झाले. मशीनं भाड्याची होती, ती गेली. खाट भिंतीला लावून ठेवलीय. मास्क मात्र परत घेत नाहीत. शुभाने तो धुऊन बाल्कनीच्या ग्रिलला टांगलाय. त्याच हुकाला पूर्वी मुकुंदाचा पोहण्याचा चष्मा असायचा. दारातून वारा आला की तो किंचित हलतो. परवा संध्याकाळी ऑफिस सुटलं आणि पाय सवयीने जुईनगरला गेले. शुभाने दार उघडलं आणि चहा ठेवायला आत गेली. मी स्टुलावर बसलो. समोर कोणी नाही.

सोसायटीच्या कारभारात एक नियम आहे, आमच्यासारख्या ठिकाणी तोच जास्त वापरला जातो. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत, तर गणसंख्येअभावी सभा तहकूब करायची. मग ती अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी, पुन्हा भरवायची. आणि या दुसऱ्या खेपेला गणसंख्येची अट नसते. आहेत तेवढ्यांत सभा होते. इतकी वर्षं हे मी घोकलेल्या पाढ्यासारखं वाचत आलो. कोणी कशासाठी केला असेल हा नियम, याचा कधी विचारच केला नव्हता.

मी सभा तहकूब केली. चहा प्यायलो. समोरच्यांनी कपडे आत घेतले. अर्धा तास झाला तेव्हा सुरू केली. या वेळी 'मागील सभेचे इतिवृत्त' ओलांडलं. खेकडे झाले, कडा झाला. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय आला. "बारगळलेला ठराव पुन्हा सभेपुढे. सेक्रेटरीने झिपलाइनवरून खाडी ओलांडावी. सूचक मुकुंद. अनुमोदक..."

"माझं अनुमोदन," शुभा स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि दुरुस्ती आहे एक. जॅकेट एकच."

दुरुस्ती नोंदवून घेतली. मग कोणाची हरकत आहे का, असं विचारून मी खाटेच्या जागेकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबलो... आणि ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.